फोटो कुणासाठी?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



सुट्ट्या लागल्या की आपल्या ग्रुपवर प्रवासाचे फोटो येऊ लागतात. पूर्वी माथेरान, महाबळेश्वर, फार तर काश्मीर. आता बाली, व्हिएतनाम, थायलंड, श्रीलंका. दोन-तीन वर्षं जपून पैसे बाजूला टाकले तर आपल्यासारख्या घरांनाही परदेश परवडू लागला आहे. यात वाईट काहीच नाही, आनंदच आहे. पण दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी आम्हा सेवेकरी भगिनींच्या बैठकीत एक प्रश्न निघाला आणि तो अजून मनातून जात नाही. प्रश्न अगदी साधा आहे. प्रवासात आपण फोटो काढतो, तो नेमका कुणासाठी?

हा प्रश्न निघायला कारण घडलं. आपल्यातल्याच एक भगिनी काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडल्या. विचारायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "मत्सर नाही हो. तुमचा आनंद तो आमचाही. पण मुलगा दहावीला आहे. माझ्या फोनवर फोटो बघतो आणि विचारतो, आई, आपण कधी जायचं? दुकान बंद होऊन वर्ष झालं. त्याला खरं सांगवत नाही आणि खोटं बोलवत नाही." यावर आम्ही काय बोलणार? चहा घेतला आणि आलो.

बैठकीत कुणी म्हणालं, सोपं आहे, ग्रुपवर फक्त सत्संगाचं टाकायचं, बाकी बंद. पण लगेच दुसऱ्या भगिनी म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंचं काय? नातवंडं कॅनडात. फोटो आला की त्या दिवसभर तोच फोटो जवळ घेऊन बसतात. तेवढ्यावर त्यांचा आठवडा जातो." तेही खरंच. एकाच फोटोने एका घरात दिवा लागतो आणि दुसऱ्या घरात डोळ्यांत पाणी येतं. म्हणजे दोष फोटोत नाही. बंदी घालून प्रश्न सुटणार नाही, विवेकच करावा लागेल.

हा विचार डोक्यात असतानाच फेब्रुवारीत आम्ही मायलेकी कंबोडियाला जाऊन आलो. लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, फोटोग्राफीचा नाद आहे, आणि अंगकोर वाट पाहायचं दोघींच्या मनात फार दिवसांपासून होतं. भिशीचे पैसे, तिने शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे, अहमदाबादहून एक विमान बदलून जाणारं स्वस्तातलं तिकीट, साध्या गेस्ट हाऊसमध्ये पाच रात्री, बॅगेत थेपले आणि खाखरे. दोघींचा सगळा खर्च सव्वा लाखाच्या आत बसला. हा आकडा मुद्दाम सांगतो आहोत, त्याचं कारण पुढे येईल.

अंगकोर वाट म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवं. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा दुसरा सूर्यवर्मन याने बांधलेलं हे विष्णूचं मंदिर. आपली ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० साली, म्हणजे माऊलींच्या आधी शंभराहून अधिक वर्षं, समुद्रापार, कुणीतरी पाथरवटाने भिंतीवर समुद्रमंथन कोरलं. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला असुर, मध्ये विष्णू, आणि वासुकीची दोरी भिंतभर लांब. दुसऱ्या भिंतीवर कुरुक्षेत्र, तिसरीकडे लंकेचं युद्ध. पुढे ते बौद्धांचं पूजास्थान झालं आणि आजही भगव्या वस्त्रांतले भिक्षू तिथे दिसतात. १९९२ साली ते जागतिक वारसा यादीत आलं.

तिथे जायचं तर पास घ्यावा लागतो. आम्ही तीन दिवसांचा घेतला, माणशी ६२ डॉलर. गंमत अशी की पास देण्याआधी खिडकीवर कॅमेऱ्यासमोर उभं करून आपला फोटो काढतात आणि तोच पासवर छापतात. मंदिराचा फोटो काढण्याआधी मंदिरानेच आपला फोटो काढला! व्यवस्था तिकिटाची आहे, हे कळतं. पण आम्हाला त्यात आपल्या दर्शनाचा अर्थ दिसला. आपण देवळात "बघायला" जात नाही, "दर्शनाला" जातो. दर्शन दोन्ही बाजूंनी असतं. आपण देवाला पाहतो आणि देव आपल्याला पाहतो. म्हणून तर आपण अंघोळ करून, चपला बाहेर काढून जातो. कुणीतरी आपल्याला पाहणार आहे याचं भान असतं. कॅमेरा हातात आला की हे भान सुटू शकतं. मग आपण फक्त पाहणारे आणि समोरचं सगळं, देव, माणूस, मूल, भिंत, फक्त पाहण्याची वस्तू. दर्शन एकतर्फी झालं की त्याचं प्रदर्शन व्हायला वेळ लागत नाही.

आपली परंपरा अवधूताची. एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो आणि नाथांनी एकनाथी भागवतात ते आपल्या भाषेत घरोघरी पोचवले. विचार केला तर अवधूत हा सर्वांत कमी खर्चात फिरणारा प्रवासी! सामान नाही, तिकीट नाही, मुक्काम ठरलेला नाही. जे दिसेल त्याच्याकडून एक गोष्ट शिकायची आणि पुढे निघायचं. त्याच्या चोवीसांपैकी काहीजण आम्हाला अंगकोरच्या रस्त्यावर वारंवार आठवले.

पहिला *पतंग*. दिव्याचं रूप पाहून झेप घेतो आणि जळतो. डोळ्यांच्या ओढीने नाश कसा होतो ते अवधूत त्याच्याकडून शिकला. अंगकोर वाटच्या तळ्याकाठी पहाटे पाचला शेकडो माणसं फोन उंच धरून उभी असतात. मंदिराच्या शिखरांमागून सूर्य वर येतो, पाण्यात त्याचं प्रतिबिंब पडतं. तो क्षण खरोखर सुंदर आहे. पण त्या काठावर जागेसाठी ढकलाढकली चाललेली, "जरा बाजूला व्हा" अशी दहा भाषांत ओरड. सूर्य वर आला आणि पाऊण तासात काठ रिकामा. ज्याच्यासाठी अर्धी रात्र जागलो तो सूर्य आता चांगला वर आलेला, शिखरांवर सोनं पसरलेलं, आणि बघायला मोजकी माणसं. फोटो मिळाला होता ना!

पण इथे एक शंका घेता येते. लेकीने घेतलीच. ती म्हणाली, "आई, चोवीसांत बाण करणाराही आहे ना? तो कामात इतका गुंग होता की राजाची मिरवणूक वाजतगाजत गेली तरी त्याला कळलं नाही. मग मी कॅमेऱ्यात गुंग असले तर तेही ध्यानच की." प्रश्न बिनतोड होता. आम्ही त्यावर दिवसभर बोललो. शेवटी असं वाटलं की फरक गुंग होण्यात नाही, कशात गुंग आहोत त्यात आहे. बाण करणारा बाणात गुंग होता. लेक समुद्रमंथनाच्या भिंतीसमोर तासभर बसली, ऊन सरकण्याची वाट पाहिली, वासुकीला धरणाऱ्या हातांवर उजेड आला तेव्हा तीन फोटो काढले. तो तास ध्यानाचाच होता. पण मन फोटोत नसून "हा टाकल्यावर कोण काय म्हणेल" यात असेल, तर हातात बाण आहे आणि डोळे मिरवणुकीकडे. कॅमेरा तोच, बोट तेच, मन कुठे आहे एवढाच फरक.

दुसरी *मधमाशी*. प्रत्येक फुलातून थोडं घ्यावं, फुलाला इजा होऊ देऊ नये, आणि साठा करू नये. साठा केला तर मध काढणारा येतो आणि माशीसकट नेतो. या एका गुरूकडून फोटोचे दोन नियम मिळतात.

एक, फुलाला इजा नको. अंगकोरमध्ये लहान लहान मुलं पोस्टकार्डं, बांगड्या घेऊन मागे येतात. चेहरे असे गोड की कुणाचाही हात कॅमेऱ्याकडे जावा. पण तिथल्या व्यवस्थापनाने पर्यटकांसाठी आचारसंहिता केली आहे, तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे की मुलांकडून वस्तू घेऊ नका, त्यांना पैसे-खाऊ देऊ नका, कारण त्याने ती शाळेपासून लांब राहतात. भिक्षूंचा फोटो विचारून काढा, असंही आहे. आम्ही मुलांचे फोटो काढले नाहीत. दारिद्र्य दुसऱ्याचं आणि फोटोबद्दल कौतुक आपलं, हा सौदा बरा वाटेना. आपल्या सुरसागराच्या काठी, मांडवीत, एखादा परदेशी माणूस आपल्या पोराचा फोटो न विचारता काढून गेला तर आपल्याला चालेल का? हीच कसोटी.

सिएम रीप शहरात वाट थमेई नावाचा बुद्धविहार आहे. १९७५ ते १९७९ या चार वर्षांत ख्मेर रूजच्या राजवटीत जी माणसं मारली गेली, त्यांच्यातल्या काहींच्या अस्थी तिथे एका काचेच्या स्तूपात ठेवल्या आहेत. तिथे दोघींनी फोन पिशवीत टाकले आणि नुसतं नामस्मरण केलं. काही ठिकाणी पाहणं हेच कर्तव्य असतं, नेणं नाही.

हीच गोष्ट पैशाची. कमी खर्चात फिरायचं म्हणून आपण हिशेब ठेवतो, ते योग्यच. पण आपली बचत कुणाच्या खिशातून होते हेही पाहायला हवं. पहाटे साडेचारपासून आमच्यासोबत असलेल्या टुकटुकवाल्या भाऊंशी एका डॉलरवरून घासाघीस करायची नाही, हा लेकीचा नियम होता. ६२ डॉलरचा पास छापील दराने निमूट घ्यायचा आणि गरीब माणसाशी मात्र दराची चर्चा, याला काटकसर म्हणत नाहीत.

मधमाशीचा दुसरा नियम, साठा नको. तीन दिवसांत अकराशेच्या वर फोटो झाले. हा मध कोण खाणार? घरी आल्यावर लेकीने सुचवलं, "अवधूताचे गुरू चोवीस. आपण चोवीसच फोटो ठेवू या. प्रत्येकाने आपल्याला काय शिकवलं ते एका ओळीत सांगता आलं तरच तो ठेवायचा." चार संध्याकाळी लागल्या. आम्हाला वाटतं, प्रवासाचा खरा अर्थ त्या चार संध्याकाळींत कळला. कित्येक सुंदर फोटोंबद्दल सांगण्यासारखं काहीच नव्हतं, ते गेले. आणि गेस्ट हाऊसच्या खिडकीत वाळत घातलेल्या मोज्यांचा एक फोटो राहिला.

तिसरं *कबुतर*. या गुरूची गोष्ट आई-बापांना लागते. पिल्लं जाळ्यात अडकलेली पाहून आधी मादी आणि मग तिच्यामागे नर, दोघंही मोहाने जाळ्यात पडले. मुलांवर माया करू नका असं अवधूताला म्हणायचं नसावं. मुलांना आपलंच एक अंग समजू नका, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो. मूल जन्मलं की आपण त्याचे फोटो काढू लागतो, अंघोळीचे, रडण्याचे, बोरन्हाणाचे, आणि ते सगळीकडे पाठवतो. मूल आपलं, म्हणजे त्याचा चेहराही आपला. पण मूल मोठं होतं आणि म्हणतं, "माझा फोटो टाकण्याआधी मला विचार." यात उद्धटपणा नाही. देह त्याचा, चेहरा त्याचा, आपण सांभाळायला मिळालेली ठेव फक्त जपत होतो.

या प्रवासात तर सगळंच उलटं झालं. नकाशा तिच्या फोनवर, पैसे तिच्या कमरेच्या पाकिटात, "आई, पायरी उंच आहे, हात दे" हे वाक्यही तिचं. जिला बोट धरून कमाटीबागेच्या म्युझियममधली ममी आणि देवमाशाचा सांगाडा दाखवला, ती आता बोट धरून अंगकोर दाखवत होती. आणि कॅमेरा तिच्या हातात, म्हणून फोटोत आई! त्यात एक फोटो असा की वरच्या गाभाऱ्याच्या उंच जिन्यानंतर पायरीवर बसलेली घामाघूम बाई, केस विस्कटलेले, चपला बाजूला, पाय सुजलेले. "हा काढून टाक" असं तोंडून निघालंच. ती म्हणाली, "नको ना. यात तू कुणासाठीच बसलेली नाहीस. घरी तू अशी कधी दिसत नाहीस." तो फोटो चोवीसांत आहे. आपण कसे दिसावं याचा आग्रह म्हणजे अहंकारच, आणि तो गुरूंपुढे जितका सोडवत नाही तितकाच लेकरांपुढेही सोडवत नाही. आपल्याला कुणीतरी आहोत तसं पाहिलं, प्रेमाने पाहिलं, हेही दर्शनच.

चौथी *कुमारी*. हातात पुष्कळ बांगड्या असल्या की आवाज होतो, दोन असल्या तरी एकमेकींवर वाजतात, म्हणून तिने एकच ठेवली. अवधूताने त्यातून एकट्याने फिरावं असा बोध घेतला. आम्ही दोन बांगड्या, वाजलोच! कुठे जेवायचं, किती चालायचं, किती वेळ थांबायचं, रोज काहीतरी. संसारी माणसाला एकच बांगडी ठेवणं जमणार नाही. पण दोन वाजल्या तर वाजल्या, एवढं कबूल करता येईल. फोटोत कधीच न येणारी गोष्ट ती हीच. हसरे चेहरे येतात, त्याआधीचं अर्ध्या तासाचं अबोलं येत नाही. येतो तो सूर्योदय, भिशीची तीस महिन्यांची बाद झालेली हौस येत नाही. फोटो खोटा नसतो, पण अर्धा असतो. आणि अर्धं सत्य पाहून दुसऱ्या घरातलं लेकरू आपल्या पूर्ण आयुष्याशी त्याची तुलना करतं. दुःख तिथे जन्मतं.

आपले दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, फोटोग्राफीचा हात त्यांना इथेच बसला. पुढे १९१९ साली 'कालिया मर्दन'मध्ये त्यांनी आपल्या लहान मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला ती आधी एक साधी मुलगी म्हणून दिसते, निरनिराळे हावभाव करून दाखवते, आणि मग कृष्ण होते. बापाने आधी सांगून टाकलं की ही आमची मुलगी आहे, आता देव होते आहे. त्याने देवपण कमी झालं नाही, पाहणाऱ्याचा विश्वास वाढला. आपल्या फोटोंनाही एवढी प्रामाणिक सुरुवात देता येईल.

म्हणून आम्ही एक केलं. ग्रुपवर चोवीसही टाकले नाहीत, तीनच टाकले. आणि त्यांच्याखाली सगळा हिशेब लिहिला. तिकीट किती, राहणं किती, भिशी किती महिन्यांची, काय काय सोडलं, कुठे पाय दुखले, कशावरून वाद झाला. नुसता फोटो समोरच्यासाठी भिंत होऊ शकतो, "तुम्ही तिकडे, आम्ही इकडे". हिशेबासकट दिला तर वाट होऊ शकतो. "छान, सुंदर" या नेहमीच्या उत्तरांऐवजी या वेळी तीन घरांनी विचारलं, भिशी कशी लावायची? आणि ग्रुप सोडून गेलेल्या भगिनींकडे फोटो पाठवलेच नाहीत. त्यांच्याकडे गुरुवारचा प्रसाद घेऊन गेलो, मुलाच्या परीक्षेचं विचारलं, कंबोडियाचं नाव काढलं नाही. आनंद लपवायचा नसतो, पण तो कुणाच्या पानात किती वाढायचा हे बघून वाढायचा असतो. वाढणारीला एवढं कळतंच.

शेवटी, प्रवासातून घरी काय आणायचं? आपल्या सयाजीराव महाराजांनी १८८७ पासून किती तरी परदेश प्रवास केले. राजाचा प्रवास, त्याची आपल्याशी बरोबरी नाही. पण अमेरिकेतली सार्वजनिक वाचनालयं पाहून ते नुसते खूश होऊन परतले नाहीत. १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला बोलावलं, गावोगाव वाचनालयं निघाली, पेट्यांमधून पुस्तकं खेड्यांत फिरू लागली. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत आपल्यापैकी कित्येकजणी वाचून मोठ्या झाल्या. त्यांनी परदेशात जे पाहिलं ते आपल्या डोळ्यांपर्यंत पोचलं, फोटो न दाखवता. आपल्याला राज्य नाही, पण घर आहे, शेजार आहे, ग्रुप आहे. पाहिलेल्यातली एक तरी गोष्ट कुणाच्या तरी उपयोगी पडली, की प्रवास सफळ.

*या पंधरवड्याचा संकल्प:* फोनमधले जुने फोटो उघडून चोवीस निवडावेत. प्रत्येकाने काय शिकवलं ते एका ओळीत लिहावं. मुलांचे असतील तर मुलांना विचारावं. आणि फोटो पाठवण्याआधी एक नाव मनात आणावं, की हा पाहून कुणाचं मन भरेल आणि कुणाचं दुखेल. नाव सुचलं नाही तर तो फोटो थांबू शकतो. घाई कुणालाच नाही.

सद्गुरूंच्या चरणी ही सेवा रुजू.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥

— सेवेकरी भगिनी, बडोदे